राणीचा हात वर जाईल एवढी बाही

कॉलेजच्या संमेलनात नाटकातल्या राणीने तलवार डोक्यावर उचलली आणि तिची बाही फाटली नाही, त्या घटकेपासून माझे सगळे बदलले. म्हणून या कागदाची सुरुवात तिथून.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बावीस, धंदा नाटकांना पोशाख भाड्याने देणे, शिक्षण दुसऱ्या वर्षापर्यंत (पुढचे का नाही, ते येईलच), हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ताई म्हणते, "एवढं ठासून लिहू नकोस, संशय येतो." तसेच, मरायचा माझा मुळीच विचार नाही. हे वाक्य वकीलबाईंनी घालायला लावले. म्हणाल्या, "प्रेमात आपटलेल्या पोराचं मृत्युपत्र म्हटलं की लोक भलतंच धरून बसतात."

मग एवढ्यात का, तर आजोबांमुळे. वडील मी तीन वर्षांचा असताना गेले. त्यानंतर हे दुकान आईने चालवले. आजोबांनी जाताना मृत्युपत्रात ते माझ्या नावे केले, कारण मी मुलगा. आईचा त्यात उल्लेख 'माझी सून, जिने शिवणकामात मदत केली' एवढाच. लग्न होऊन आल्यापासूनच्या सव्वीस वर्षांच्या कामाला मदत म्हणतात हे मला तेव्हा कळले. पंचवीस पूर्ण होईपर्यंत मला दुकान विकता येत नाही, कोणाला बक्षीस देता येत नाही. आणि त्याआधी काही न लिहिता मी गेलो तर ते काकांकडे जाते. आजपासून मी आठ महिने एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर ट्रकने हिंडणार आहे. ट्रकचा ड्रायव्हर भला माणूस आहे, पण बोलताना मागे वळून बोलतो.

कलम एक. दुकान, वरचा माळा, अकरा ट्रंका, दोन शिलाई मशीन, मापाचे टेबल आणि गल्ल्यामागची खुर्ची हे सर्व माझ्या आईला. 'तिच्या हयातीपुरते', 'मुलीच्या सल्ल्याने' असली कोणतीही शेपटी नाही. मी आधी 'आईनंतर ताईला' असे लिहिले होते. आईला वाचून दाखवले तर तिने सुई थांबवली.

"माझ्यानंतर कोणाला, ते मी लिहीन. दिलंस ना? मग हात काढ."

हात काढला आहे.

कलम दोन. ट्रंकांची यादी सोबत जोडली आहे, पण एक गोष्ट इथेच लिहितो. राजांचे पोशाख एकेचाळीस. सेनापती, सरदार, हुजरे मिळून साठच्या वर. राणीचे चार, त्यातले दोन रडायचे. बाजारात बसणारी, पाणी भरणारी, जखमा बांधणारी, हिशेब लिहिणारी अशा एकाही बाईचा पोशाख नाही. लहानपणी मला वाटे, इतिहासात बायका चारच झाल्या. हे ट्रंका उघडून पहिल्यांदा मोठ्याने विचारले ते राणीचे काम करणाऱ्या मुलीने (यापुढे या कागदात 'ती'). नाटकही तिनेच बसवले होते.

"एवढ्या लढाया झाल्या, स्वयंपाक कोणी केला? घोड्यांनी?"

आई खळखळून हसली. तिला असे हसताना मी फार कमी पाहिले होते. त्याच दिवशी मी प्रेमात पडलो. त्या दोन बायकांमध्ये उभा राहून नक्की कशाच्या प्रेमात पडलो, ते अजून सांगता येत नाही.

कलम तीन. आजोबांची राणीच्या पोशाखाची कागदी कापणी (कापड बेतायचा नमुना) कोणालाही देत नाही. ती फाडून टाकावी. त्या कापणीच्या बाहीत हात खांद्याच्या वर जात नाही. आजोबांच्या नाटकांत राणी हात जोडायची किंवा डोळे पुसायची, त्याला तेवढी बाही पुरे. रंगीत तालमीत तिने तलवार उचलली आणि बगल टर्रकन उसवली. आईने एका राजाच्या शेल्याचे अस्तर कापले, चौकोनी तुकडा करून बगलेत बसवला आणि म्हणाली, "आता कर वार." प्रयोगात तो हात सरळ आभाळाकडे गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यामागे आई तोंडात टाचण्या धरून बघत होती.

मग प्राध्यापकांनी पोशाखांच्या कौतुकासाठी रंगमंचावर काकांना बोलावले. काका म्हणाले, "ही आमच्या घराण्याची कला." माझे डोके फिरले. मी वर चढलो, माईक हिसकावला, खिशातली सुई आणि दोरा काकांपुढे धरला आणि म्हणालो, "ओवून दाखवा!" त्यांना ओवता आला नाही. अख्खे सभागृह बघत होते. प्राध्यापक मला ओढायला आले, झटापटीत त्यांचा चष्मा फुटला. पुढे माफीपत्र मागितले तेव्हा मी चष्म्याची माफी लिहून दिली, बोलण्याची नाही. ती त्यांना चालली नाही. कॉलेज तिथे संपले. त्याचा पश्चात्ताप मी कोणाच्याही नावे करून ठेवत नाही.

घरी आल्यावर वाटले होते, आई पाठीवरून हात फिरवेल. ती भांडी घासत होती.

"माईक हातात होता ना तुझ्या?"

"हो."

"मग मला का नाही बोलावलंस? मी दहा पावलांवर होते."

ट्रकवर जाण्याचे खरे कारण हेच. मी दुकानात असलो की गिऱ्हाईक आईला ओलांडून माझ्याकडे येते. "मालक, जरा स्वस्तात बघा ना." मालकाला बटण लावता येते, तेही सुटते.

कलम चार. काकांना सिंहासन. त्याचा मागचा डावा पाय मोडका आहे हे त्यांना ठाऊक आहे. दर प्रयोगाला ते मलाच त्याखाली वीट लावायला लावत. वीट देत नाही.

कलम पाच. माझे चामड्याचे काळे जाकीट. हे मी एका सिनेमातल्या नायकाचे बघून घेतले आणि घालून तीन संध्याकाळी तिच्या घरासमोर उभा राहिलो. ती आधी 'नाही' म्हणाली होती, पण पडद्यावरची नायिका तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा हसते, एवढा माझा अभ्यास होता. तिसऱ्या दिवशी ती खाली आली.

"काय चाललंय?"

"वाट बघतोय."

"सिनेमात हिरो असा उभा राहतो तेव्हा गाणं वाजतं. इथे माझी धाकटी बहीण तीन दिवस क्लासला गेली नाही. खाली कोणीतरी उभा आहे म्हणून."

कोणीतरी. तो मी होतो. आईसाठी माईक हिसकावणारा. मान खाली घालून घरी आलो आणि त्या गल्लीत पुन्हा गेलो नाही. जाकीट उसवून आईने त्याचे पट्टे करावेत. बाजारातल्या बायकांचे पोशाख आई आता शिवते आहे, त्यांच्या कमरेला पिशव्या अडकवायला उपयोगी पडतील. तसेच सत्तावीस कागद माझ्या उशीखाली आहेत. पत्रे आहेत, पाठवलेली नाहीत. कागद जाड आहे, बाह्यांची नवी कापणी त्यावर नीट उतरेल. न वाचता कापावेत. ताईने तर मुळीच वाचू नयेत.

कलम सहा. तिला या कागदाने काहीही देत नाही, कारण तिने काही मागितलेले नाही. प्रेम आहे. ते माझे मी बाळगेन. ती नाट्यमंडळीत नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर मी तिच्यामागेच चाललो असे समजून शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी मला उतरवायला ट्रकमागे धावायच्या.

कलम सात. ताईला माझी सायकल आणि 'डोकेफिरू' हे तिने ठेवलेले नाव, परत.

शेवटचे. दुकानाच्या पाटीवर तीस वर्षे आजोबांचे नाव 'आणि पुत्र' असे होते. वकीलबाईंना विचारले, पाटी बदलायलाही पंचविशी लागते का? म्हणाल्या, "पाटीला रंग लागतो फक्त." काय लिहायचे ते या वेळी आईला विचारले. तिने दोन दिवस घेतले. आज सकाळी शिडीवर ती चढली, मी शिडी धरली. तिने स्वतःचे नाव लिहिले आणि खाली: 'पोशाख. सर्व माणसांचे.' अक्षर जरा तिरके आले आहे. शिडी धरून मी ते खालून पाहिले आणि मला माझ्या सगळ्या आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

साक्षीदार, ज्यांना वरीलपैकी काही मिळत नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:

१. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी (सही). "वाचून बघितलं. सिंहासनाचं बरं केलंस."

२. नाटकांचे मेकअपवाले दादा (सही).

लिहून देणार (सही).

स्थळ: मापाचे टेबल. दिनांक: १२ मार्च २०२६, गुरुवार, दुपारी साडेबारा.

ता. क. ट्रकचा हॉर्न वाजतो आहे. एक गिऱ्हाईक आत आले, मला म्हणाले, "मालक आहेत का?" मी आईकडे बोट दाखवले. ती खुर्चीत बसली होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बघत काय राहिलास? निघ. आणि दार ओढून घे, नव्या कापडावर धूळ येते."

बॅग उचलली आहे. कागद टेबलावर ठेवतो, वर कात्री ठेवतो, आणि दार ओढून घेतो.