टाकीपर्यंत जाऊन बघणं

बाबा, आज फार दमलेय. तरी हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही. तुम्ही गावाच्या पाणीयोजनेचा पंप चालवायचात. बटण दाबून मोटर घुमू लागली की सायकलवरून टाकी गाठायचात, शिडी चढून पाइपाच्या तोंडाशी हात धरायचात. हाताला पाणी लागल्याशिवाय वहीत ‘चालू’ लिहायचा नाहीत. मी हसले की म्हणायचात, "मोटर वाजते म्हंजे पानी चढलं काय? जाऊन बघावं लागतं, बाय."

आता मी वसईच्या एका छोट्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळते. पेशंटांचे रिपोर्ट रोज दुसऱ्या डिस्कवर उतरवायला मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. तो मशीनला कॉपीचा हुकूम सोडतो आणि पडद्यावर ‘कॉपी झाली’ लिहितो. हुकूम पार पडला तर मशीन शून्य परत देतं, फसला तर दुसरा कुठला तरी आकडा. तो आकडा मी कधी बघितलाच नाही. दुसरी डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच भरली होती, तरी माझा प्रोग्राम इमानेइतबारे ‘झाली’ म्हणत राहिला. परवा मूळ डिस्क उडाली. आज नायगावची एक म्हातारी मागच्या महिन्याचा रिपोर्ट मागत होती, "तो बघूनच डाक्टर आपरेशनचं ठरवनार हाय गो." माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. साहेबांनी विचारलं, "रोज चेक करत होतीस ना?" मी हो म्हणाले. मग बसून प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या: शून्य आलं नाही तर थांब आणि ओरड. दोनच ओळी, बाबा. लाज वाटली.

तुम्हाला ताप भरला होता ते आठवतं? मी कॉलेजात होते. टाकीवर मला पाठवलंत. मी परत आले, वहीत ‘चालू’ लिहिलं. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, मोटर कोरडीच घुमून दुपारी जळाली. बायका चार दिवस लांबून हंडे वाहत होत्या. तुम्ही अंगात ताप घेऊन पंचायतीसमोर उभे राहिलात, म्हणालात, "चूक माजी. मीच जायला पायजे होतं." घरी येऊन मला एवढंच विचारलंत, "तू हात धरलास तवा पानी होतं ना?" मी हो म्हणाले. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

मी टाकीवर गेलेच नव्हते, बाबा. वाटेत चंदनसारच्या वळणावर मैत्रीण भेटली, गप्पा मारून तिथूनच परतले. हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवतेय. साहेबांना उद्या खरं सांगता येईल. तुम्हाला सांगायला मात्र तुम्ही होतात तोवरची सगळी वर्षं हातात होती, तेव्हा सांगितलं नाही.