पाइपातली हवा

सिद्धराम भाऊजी,

मी कपडे न्यायला घरी आले होते, आता परत नांदेडला दवाखान्यात चालले. लातूर आपला नवा जिल्हा झाला, पण नांदेड जवळ म्हणून तुमच्या दादाला तिकडंच नेलं. विहिरीत खडकाला भोक पाडताना ड्रिल मशीन अडकली. वर कॉम्प्रेसर चालूच होता. हवा न सोडताच त्यांनी पाइप काढला. पाइप उसळला अन् सगळी खडी तोंडावर बसली.

गावात प्यायला पाणी न्हाई, म्हणून ती विहीर पुरी करायला लोक आता तुम्हाला बोलवायला येतील. जायचंच असलं तर आधी कॉम्प्रेसर बंद करा, पाइपातली हवा पुरी जाऊ द्या, मगच जोड सोडा. चष्म्याबिगर खाली उतरू नका. अंगावरची धूळ त्या हवेनं झाडायची तुम्हाला लई सवय हाय, तीबी सोडा.

भाकरी दुरडीत हाय. आत्याबाईंना मी मुका मार लागलाय एवढंच सांगितलंय.

तुमच्या दादाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी हाय. "पट्टी निघाली की आधी विहिरीचं पाणी बघू," म्हणून राहिलेत. मी हाव म्हणले. आता दिसणार न्हाई, हे डॉक्टरांनी फक्त मला सांगितलंय. भेटायला आलात तर रडू नका. त्यांना आवाजावरून सगळं कळतं.

शिवगंगा