माझा भाड्याचा मंत्रचळ

२ जून, रविवार, सकाळी ८
आजपासून नवं आयुष्य. कॉलेज सोडल्यापासूनचं हे तिसरं. (प्राचार्यांचं आणि माझं पटलं नाही. खुर्ची मी फेकली नव्हती. ती सरकली. खिडकीतून.)
ताईने काम दिलंय. तिच्या संस्थेत डॉक्टरांचं प्रगत प्रशिक्षण आहे, सहा रविवार. ओसीडीवर सीबीटीने, म्हणजे गोळ्यांऐवजी बोलून आणि सवयी बदलून, उपचार कसे करायचे ते. ओसीडी म्हणजे आई ज्याला मंत्रचळ म्हणते तो. सरावाला खोटा पेशंट हवा. तो मी. सारखं विचारायचं, ‘गॅस बंद आहे ना नक्की?’
संकल्प: एक, चिडायचं नाही. दोन, प्रेमात पडायचं नाही.

२ जून, दुपारी १२.१०
दुसरा संकल्प रद्द. तिसऱ्या रांगेत एक डॉक्टर आहे, कानामागे पेन्सिल खोचते. नाव विचारायचं धाडस झालं नाही. तूर्त पेन्सिल.

९ जून
नियम कळला. मंत्रचळी माणसाला धीर द्यायचा नाही. ‘बंद आहे हो’ म्हटलं की तो पाच मिनिटांनी पुन्हा विचारणार. म्हणून म्हणायचं, ‘असेल, नसेल. न कळता बसून बघा.’
दाढीवाल्या डॉक्टरला इतकं पिडलं की तो ओरडला, ‘अहो बंद आहे, मी स्वतः बघितलाय!’ शिकवणारे सर म्हणाले, ‘या इमारतीत गॅसच नाही.’
मग पेन्सिल समोर आली. मी स्क्रिप्ट बदललं. ‘डॉक्टर, मी तुम्हाला आवडतो ना?’ ती जराही गडबडली नाही. ‘आवडत असाल, नसाल. हे न कळता किती वेळ बसू शकाल?’ मी म्हणालो, जन्मभर. सर खूश.
महत्त्वाचं: ती ‘नाही’ म्हणाली नाही.

१६ जून
तिने स्वतःहून नंबर दिला! (ताई म्हणते, सरावाचा भाग आहे. ताईला काय कळतंय.) रोज एक मेसेज करायचा, अस्वस्थता शून्य ते शंभर किती.

१७ जून
कळवलं, ९५. उत्तर: ‘छान. तसेच बसून राहा.’ दोन तास बसलो. आई म्हणाली, ‘ऊठ रे, केर काढायचाय.’

१९ जून
कळवलं, १४०. उत्तर: ‘पट्टी शंभरपर्यंतच आहे.’
केवढी काळजी!

२३ जून
दाढीवाल्याने तिची पेन्सिल मागितली. तिने दिली. मी चिडलो नाही. पाण्याचा जग त्याच्या वहीवर जरा झुकला, इतकंच.
ताईने बाहेर ओढलं. म्हणाली, ‘नाटक कर म्हटलं होतं, तमाशा नाही. ती डॉक्टर, तू कॉलेज अर्ध्यावर टाकलेला.’ मी म्हणालो, प्रेमाला मार्कशीट लागत नाही. ‘उत्तर तरी लागतं ना?’ म्हणाली. ‘एकदाचं विचार आणि मोकळा हो.’
बरोबर आहे. शेवटच्या दिवशी विचारणार. सगळ्यांसमोर.

३० जून
तोवर मेसेज बंद. मौनाने ओढ वाढते. आज फक्त सहा केले.

७ जुलै, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ. आज निकाल.

७ जुलै, दुपारी
शेवटचं सादरीकरण तिचं. पडद्यावर आलेख. माझ्या मेसेजेसचा! एकूण ११८. ती म्हणाली, ‘यांनी घरी बसूनसुद्धा भूमिका सोडली नाही. खरा पेशंट असाच लिहितो.’ टाळ्या.
मी उठलो. भाषण विसरलो. नुसतं म्हणालो, ‘भूमिका नव्हती ती. मला खरंच तुम्ही आवडता.’
टाळ्या दुप्पट. दाढीवाला उभा राहिला. सर म्हणाले, ‘बघा, शेवटपर्यंत!’
टाळ्या वाजवत नव्हती ती एकटीच.
कॉरिडॉरमध्ये आली. म्हणाली, ‘माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. माफ करा.’ आणि मग, ‘नाही.’
मी विचारलं, नक्की?
‘नक्की.’
हे नियमाविरुद्ध आहे. तिला ते सांगितलं. ती म्हणाली, ‘आत्ता मी तुमची डॉक्टर नाही.’
पुन्हा एकदा विचारलं. तेच उत्तर. हळू आवाजात, पण तेच.

८ जुलै
मेसेज केला नाही. खरंच.

१४ जुलै, रविवार
संस्थेकडून पाकीट आलं. प्रमाणपत्र. मोठ्या अक्षरात ‘उत्कृष्ट रुग्ण’, खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘सरावासाठी’. मी फाडणार होतो. पण मला आजवर कुणी काही दिलेलं हे पहिलंच, म्हणून आईने तासाभरात फ्रेम करून आणलं आणि बाहेरच्या खोलीत टांगलं.
संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. वाचलं. खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘काय झालं होतं हो याला?’
आई म्हणाली, ‘आता बरा आहे.’
मी आतून ओरडलो, मला काहीही झालेलं नव्हतं!
काकू म्हणाल्या, ‘सगळे असंच म्हणतात.’