टाकीच्या झाकणाचा स्क्रू

३ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. बाबांना जाऊन चार महिने झाले, तेव्हा कुठे मला त्यांची धक्क्यामागची खोली उघडायचा धीर झाला. आत कोळिष्टकं, मोडकी वल्ही, आणि कोपऱ्यात लाकडी घोडीवर टांगलेली आपल्या होडीची मोटर. होडी कधीच कुजून गेली, ही मात्र चादरीत गुंडाळून ठेवलेली. चादर तुझ्या पलंगावरची, निळ्या पट्ट्यांची.

धक्क्यावरचे इंजिनकाका म्हणाले, उघडून बघू, चालली तर चालली. मी म्हटलं, आधी दादाला विचारते. या मोटरवरून तू घर सोडलंस एवढंच मला ठाऊक आहे. मी तेव्हा तेरा वर्षांची, मला कुणी धड काही सांगितलं नाही. बाबा गेल्यावर तू दोन दिवस आलास, तेही पाहुण्यासारखा पिशवी पायाशी घेऊन बसलास. तेव्हा विचारवलं नाही, आता विचारते. भंगारात देऊ की उघडू?

तुझ्या तिरसटपणासकट तुझ्यावर माया करणारी,
भिंगरी

१४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

भंगारात दे. ती मोटर मी मारली आहे.

त्या मोटरला पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळावं लागायचं. ते काम माझं. त्या दिवशी पलीकडच्या काठाला निघालो आणि दहा मिनिटांत, ऐन मध्यावर ती बंद पडली. दोरी ओढून ओढून हात सोलले. बाबांनी काही न बघता ठरवून टाकलं की मी तेल घातलं नाही, इंजिन जळलं. वल्ही मारत परत आलो आणि धक्क्यावर वीस माणसांसमोर त्यांनी सारं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. तुझ्या हाती काही द्यायची सोय नाही, म्हणाले. आठवड्याभरात मी घर सोडलं.

त्यांच्या ओरडण्याचं आता काही वाटत नाही. पण मी तेल घातलं होतं की नाही, हे मलाच आठवत नाही. बावीस वर्षं आठवतोय. छापखान्यात आजही यंत्राला तेल दिलं की मी दोनदा बघतो, आणि हाताखालची माणसं हसतात. तेव्हा ती मोटर उघडू नकोस. खरं काय ते कळलं तर माझ्याकडे उरायचं काय?

जावईबापूंना नमस्कार, धाकट्यांना पापा. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
दादा

२ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी उघडली. लहानपणापासून तुझं ऐकलंय कधी?

काकांनी प्लगच्या भोकातून बॅटरी मारून आत पाहिलं, मग इंजिनचं वरचं हेड काढून मलाही दाखवलं. सिलिंडरला एक ओरखडा नाही. तेलाविना चालली असती तर आत चरे पडले असते, असं ते म्हणाले. दादा, तू तेल घातलं होतंस. हे वाक्य पुन्हा वाच.

काका दुसऱ्याच गोष्टीने चक्रावले होते. प्लग काढून, पुसून डब्यात ठेवलेले, कार्ब्युरेटर रिकामा केलेला, आत तेल सोडलेलं. मेलेल्या मोटरची इतकी बडदास्त कुणी ठेवत नाही, म्हणाले, ही कुणाला तरी पुन्हा चालवता यावी म्हणून ठेवली आहे. बाबा दरवर्षी एक दुपार त्या खोलीत कोंडून घ्यायचे. मला वाटायचं, रुसलेत.

पंपाची रबरी चकती बदलली, पाण्याच्या पिंपात मोटर उभी केली आणि नवव्या ओढीला ती सुरू झाली. मी पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. दहा मिनिटांनी बंद. काकांनी टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू सैल केला, आत हवा गेल्याचा आवाज आला आणि मोटर पुन्हा चालू. तो स्क्रू बंद राहिला की टाकीत हवा जात नाही आणि थोड्या वेळाने पेट्रोल यायचं थांबतं. झाकण पुसलं तर स्क्रूपाशी लाल रंगाने बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, 'आधी हा उघड.' तू असताना ते नव्हतं. आणि झाकण बाबा कुणालाच लावू देत नसत, ते तुलाही माहीत आहे.

म्हणजे चूक त्यांची होती आणि ती त्यांना कळली होती. मला फार राग आला, मग रडू आलं. आई असती तर तिने त्यांना हाताला धरून तुझ्या दारात उभं केलं असतं. मी बावीस वर्षं त्यांना जेवायला वाढलं आणि एकदाही विचारलं नाही.

प्लगच्या डब्यात तळाशी एक बंद पाकीट आहे. तुझ्या नावाचं, तू गेल्यानंतर दीड महिन्याच्या शिक्क्याचं. त्यावर कुणीतरी 'घेणार नाही' असं लिहून परत पाठवलंय. अक्षर मी ओळखलं. पाकीट फोडलेलं नाही.

तुझी,
भिंगरी

११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर माझंच. पोस्टमन दारात उभा होता. वाटलं, पुन्हा तेलावरूनच बोलणी असतील, म्हणून त्याचंच पेन घेऊन लिहिलं. पुढे वर्षानुवर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की बापाने मला एक ओळ लिहिली नाही. तुलाही सांगितलं. तूही त्यांना तेच ऐकवलं असशील, आणि ते गप्प बसले असतील.

सुंभ जळला तरी पीळ गेला नाही, असं लोक बाबांना म्हणायचे. त्यांचा पीळ दीड महिन्यात गेला होता. माझा राहिला.

मोटर कुणाला देऊ नकोस. आणि ते पाकीट पोस्टाने पाठवू नकोस, एकदा ते माझ्या दारातून परत गेलंय. मी रविवारी सकाळी येतो. ते तू हातात दे, म्हणजे मी घेईन.

तुझा,
दादा