आमच्या हॉलमधला परग्रहावरचा मासा

तीर्थरूप मामांना सुजितचा पिंपळे गुरवहून साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता बरा असेल. स्वप्नाली आठवड्यापासून आपल्याकडेच आहे, त्यामुळे माझ्या बायकोची खुशाली मी सासऱ्यांना विचारायची असं उलटंच होऊन बसलंय. पत्र लिहितोय कारण फोनवर आपण माझं वाक्य पुरं होऊ देत नाही (आपला तो मानच आहे).

माशाबद्दल आपण एकच बाजू ऐकलीय. आपल्या दिव्याने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक ग्रह कल्पिला. त्यावर जमीन नाही, नुसता समुद्र, तोही काळाकुट्ट. तिथल्या माशाला डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून ते आलेच नाहीत. तो शिकार उबेवरून ओळखतो. गरम काही जवळ आलं की जबडा मिटतो, आणि गार पडली म्हणजे शिकार मेली, असं धरून उघडतो. ही हुशारी तिची, बांधणी माझी. चाकणला कंपनीत रोज सेन्सर बसवणारा माणूस मी, पोरीला पुठ्ठ्याचा मासा कसा देऊ? पत्र्याचा केला, रेडकाएवढा (सोफा गॅलरीत गेला). कंपनीत कुठल्याही मशीनला आम्ही आधी बंद करायचं लाल बटण बसवतो. घरी ते राहून गेलं. बॅटरी माशाच्या पोटात आहे आणि पोटात हात घालायचा रस्ता तोंडातून.

सोसायटीचे अध्यक्ष बबनराव चहाचा कप घेऊन बघायला आले, त्यांची बाही गेली. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग स्वप्नाली तव्यावरची भाकरी घेऊन हॉलमधून चालली होती, तर माशाने भाकरी पदरासकट धरली. मी सेकंड शिफ्टला. तिने फोन केला. मी एवढंच म्हणालो, "भाकरी गार होईपर्यंत थांब." मामा, तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. (दिव्या शेजारी घड्याळ घेऊन बसली होती, हेही स्वप्नालीच्या मनाला लागलं.) दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती चाकणला आपल्याकडे आली. जाताना सांगून गेली, की ज्या छपराखाली तो मासा, त्या छपराखाली ती नाही.

मासा मोडता येत नाही. दिव्याचा पहिला नंबर आलाय आणि पुढच्या महिन्यात जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. पण खरं सांगतो, स्वप्नालीशिवाय मला अजिबात करमत नाही. आम्ही दोघं रोज गार जेवतो, कारण हॉलमध्ये गरम काही नेता येत नाही.

आपला आज्ञाधारक,
सुजित

ता. क. : घरामागच्या आपल्या कांद्याच्या वखारीत महिनाभर एक कोपरा मिळाला तर उपकार होतील. सडण्याआधी आतून तापायला लागलेला कांदा हा मासा कुणाच्याही आधी ओळखेल.

ता. क. २ : मासा तिकडे येणार, असं दिव्याने आत्ताच आईला फोनवर सांगून टाकलं. स्वप्नाली म्हणाली, "मग मी उद्या सकाळच्या बसने घरी येते." म्हणून हे पत्र आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर रोहिदास याच्या हाती आजच पाठवतोय. मामा, आपल्याला नाहीच म्हणायचं असेल, तर ती बसमध्ये बसल्यावर म्हणा.