मेलेल्या बीजाणूंपायी जिवंत माश्या जाळण्याच्या आदेशाविरुद्ध

प्रति,
मा. संचालक,
मधमाशी रोग नियंत्रण कार्यालय.

विषय : एकतीस पेट्या माश्यांसह जाळण्याच्या आदेशास स्थगिती मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. २ मार्च.

महोदय,

१. संदर्भीय पत्रात आपण म्हणता : "मायक्रोवेव्ह प्रक्रियेनंतरही पेट्यांच्या लाकडात अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू आढळले. सबब प्रक्रिया निष्फळ असून सर्व पेट्या सोमवारी सकाळी आठ वाजता जाळण्यात येतील." या दोन वाक्यांत 'आढळले' एवढा एकच शब्द खरा आहे.

२. पेट्या अर्जदाराच्या धाकट्या आत्याच्या असून चाळीस वर्षे तिचे पोट त्यांवर आहे. गेल्या वर्षी दोन पेट्यांत रोग दिसला, तो तिने स्वतः कळवला. आपल्या कार्यालयास त्याचा वासही लागला नव्हता. रोगट पोळी तिने आपल्या हाताने जाळली व माश्या कोऱ्या पेट्यांत हलवल्या. पाठोपाठ उरलेल्या पेट्याही खबरदारी म्हणून एकेक करून रिकाम्या केल्या. मायक्रोवेव्हमध्ये धातूमुळे ठिणग्या उडतात, म्हणून आत्या व अर्जदार अशा दोघींनी महिनाभर बसून चौकटींतला खिळा न् खिळा उपसला, लाकडी खुंट्या ठोकल्या आणि मगच ते लाकूड अर्जदाराच्या महाविद्यालयातील यंत्रात घातले; त्यानंतर माश्या पुन्हा त्याच पेट्यांत सोडल्या.

३. बीजाणू मेला तरी त्याचे कवच उरते. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेला आणि जिवंत सारखाच दिसतो. हेच अर्जदार सत्तावीस वर्षे पहिल्या वर्षाच्या वर्गास शिकवीत आहे, बहुतेकांना समजते. दिसला म्हणजे जिवंत, हाच आपला निकष असेल, तर कार्यालयाच्या जिन्यात टांगलेल्या माजी संचालकांच्या तसबिरींनाही हजेरीपटावर घ्यावे लागेल. खरा प्रश्न एकच : तो उगवतो का? प्रक्रिया न केलेल्या फळीची खरवड अर्जदाराने जिवाणू वाढवण्याच्या साठ काचेच्या बश्यांत पेरली, साठही भरल्या. प्रक्रिया केलेल्या फळीच्या साठ बश्या अकरा दिवसांनंतरही कोऱ्या आहेत.

४. आपले निरीक्षक आदेश घेऊन आले, तेव्हा आत्याने त्यांच्यापुढे आगपेटीतली काडी धरली. "पोळ्याच्या कुठल्याही घरात टोचून बघ, बाबा. कुजलेल्या अळीची तार निघाली तर मीच पेटवते." निरीक्षक म्हणाले, "मावशी, अहवाल वर गेलाय. आता काडी टोचून मला कशाला अडचणीत आणता?" "बरं," आत्या म्हणाली, "मग माश्यांना तूच सांग, वर गेलाय म्हणून." निरीक्षकांनी काडी घेतली नाही, चहा मात्र घेतला.

५. सबब विनंती, आणि विनंती न मानल्यास सूचना : नमुने बश्यांत पेरून फेरतपासणी व्हावी व तोवर आदेश स्थगित राहावा. एकही बीजाणू उगवल्यास अर्जदार स्वतः काडी ओढेल. तसे न करता सोमवारी पथक आल्यास फाटकाला कुलूप असेल, किल्ली अर्जदाराच्या गळ्यात असेल, आणि आत्या आत पेट्यांपाशी बसलेली असेल. तिला उठवण्याचा लेखी आदेश वेगळा आणावा.

आपली, नियमापुरती नम्र,
(सही)
सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका व पेट्यांच्या मालकिणीची भाची
दि. ६ मार्च

सोबत :
(अ) एकशेवीस बश्यांची छायाचित्रे.
(आ) "आढळलेल्यांपैकी किती बीजाणू उगवले?" या अर्जदाराच्या लेखी प्रश्नास आपल्या प्रयोगशाळा प्रमुखांनी दिलेले स्वाक्षरीचे उत्तर, अक्षरशः : "उगवण चाचणी केलेली नाही. उबवणपेटीत कर्मचाऱ्यांचे जेवणाचे डबे गरम राहण्यासाठी ठेवलेले असतात, त्यामुळे ती सलग मोकळी मिळत नाही. सबब सदर बीजाणू जिवंत होते की मेलेले, हे आम्हांस माहीत नाही."