कढीपत्त्याला गेलेलं पाणी

बारामती,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कौसल्या,

होस्टेलवर पाव-जॅम खाऊन तुझं पोट घट्ट झालं की आई रविवारी वरकुट्याहून एसटीने यायची, आठवतं? डब्यातून भिजवलेल्या काळ्या मनुका काढायची आणि सिस्टरांसमोरच विचारायची, "साफ झालं का गं?" आपण दोघी लाजून चूर. ती म्हणायची, "पोटाची कसली आलीया लाज?"

आई तुझ्याकडे नीट पोचली, बरं वाटलं. डोळ्याचे थेंब वेळेवर घाल. शहराचं पाणी मानवलं नाही असं ती तुला म्हणाली, ते फोनवर कळलं.

मी खाण्यात काही कमी केलं नाही गं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई, ताक, सकाळी कोमट पाणी, झोपताना दुधात चमचाभर तूप. तरी संडासात कुंथून ती घामाघूम व्हायची. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय. मी उशाशी तांब्या भरून ठेवायचे आणि तो रिकामा व्हायचा, मग कमी कसं पडेल?

बाल्कनीतला वाळायला आलेला कढीपत्ता मात्र तरारला. एका सकाळी आई तांब्या त्याच कुंडीत ओतताना दिसली.

"आई, हे काय?"

"पेलं की सारखं उठावं लागतंय. तुझी फरशी लई पांढरी हाय, बाई."

एवढंच बोलली. मला मागचं आठवलं. ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली त्याच आठवड्यात मी फोनवर माझ्या मैत्रिणीला, उत्कर्षाला, हसत म्हणाले होते, "आई आल्यापासून हातातला पोछा सुटत नाही बघ. संडासापर्यंत नुसती ओल." आई पलीकडे मटार सोलत बसली होती.

पाण्याला दोष देऊन तिने मला तुझ्यापुढेही झाकून घेतलं.

शेजारच्या मुनिराभाभी उद्या इंदापूरला माहेरी निघाल्यात, त्यांच्याबरोबर पिशवी देते. तुझ्या युवराजरावांना ती तिथून आणायला सांग. पपई आणि मनुका आईला. मनुका रात्री भिजत घाल. तिला पाणी विचारत जा आणि ती उठली की काही बोलू नकोस. पोट दुखलं, फुगलं तर घरी काही करत न बसता डॉक्टरकडे ने. पेरू तुझ्या नातीला, छकुलीला. कढीपत्त्याच्या डहाळ्या तुला. त्या कुणाच्या पाण्यावर वाढल्या ते आता तुला ठाऊक आहे.

तांब्या पाठवत नाही. रविवारी मी स्वतः घेऊन येते. त्याआधी हे पत्र तिला वाचून दाखव, उत्कर्षाला म्हटलेलं ते वाक्यसुद्धा.

तुझी ताई,
आणि ती म्हणाली तर तिची थोरली,
रोहिणी